वजन उचलते ते पाटे

मुनाफभाईनं दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवले,
अंगाचा भार दिला, हात काढून घेतले.
गाडी मान हलवत राहिली.
एक, दोन, तीन, चार.
पाचव्याला मी मोजणं सोडलं.
"शॉक गेले," तो म्हणाला,
दवाखान्यात कुणी सांगावं तसं, की सलाइन संपलं.

वणीबाहेर, घुग्गुसच्या रस्त्याला त्याचं टिनाचं शेड.
कोळशाचा ट्रक गेला की चहावर काळी साय धरते.
पद्मिनी, एकोणऐंशीचं मॉडेल,
उत्तरवार डॉक्टर गेल्यावर सात वर्षं गोठ्यात उभी.
डिकीत कोंबडी अंडी घालायची.
मी ती भंगाराच्या भावात घेतली.
पेन्शनीतल्या नर्सबाईला हे काय सुचलं,
असं कायर ते मुकुटबन लोकांनी एकमेकांना विचारलं,
मला कुणी नाही.

पोत्यावर त्यानं माल मांडला.
नागपूरहून आलेली जुन्या स्टॉकातली जोडी,
खोका उंदरानं कुरतडलेला, आतला कागद अजून तेलकट.
"ओरिजनल हाय, पन पंचवीस वर्सं आडवी निजली.
रबर वाळलं असन. महिन्यात रडन."
शेजारी गॅसचे, निळेशार,
दुसऱ्याच कुठल्या गाडीसाठी जन्मलेले,
बुश खरादीवर घासून बसवावे लागतील असे.
"हे कडक. गाडी दोन बोटं वर उचलतीन,
तुमाले वाटन जवान झाली.
पन हिचा पत्रा जुना, बाई.
धक्का शॉकनं नाई खाल्ला, तं पत्रा खाते."

मी मागे जाऊन वाकून पाहिलं.
गाडी अजून ड्रायव्हरच्या बाजूला कललेली.
डॉक्टर एकशे दहा किलो.
मागच्या सीटवर मी, मांडीवर उकळलेल्या सुयांचा डबा,
पायाशी बाटल्या, रात्रीचे दोन,
शिंदोल्याकडचा नाला आला की ते ओरडायचे,
"सिस्टर, धरा!"
आणि मी बाटल्या धरायची.

म्हटलं, मुनाफभाई, शॉक कोणतेही टाका,
पण हा कल राहू द्या.

तो हसला, कोपरानं कपाळ पुसलं.
"शॉक वजन नाई उचलत, बाई.
वजन उचलते ते पाटे.
शॉकचं काम एकच,
हाललेलं थांबवाचं."

चौतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी समजत होते, दवाखाना दोघांनी उचलला.
उचलला त्यांनीच.
माझ्याकडे बाळंतिणींच्या सासवा,
दारातली आरडाओरड, उधारीची वही,
आणि कायरच्या त्या एका रात्रीनंतर
बंद गाडीत, स्टिअरिंगवर
थांबत नसलेले त्यांचे हात.

"मग साधे तेलाचे बघा," म्हटलं. "नरम."
चंद्रपुरात मिळाले. काळे, स्वस्त,
ना ओरिजनल, ना जवान.
एका बाजूचा तरी जुना चालेल का, विचारलं,
तर म्हणे, "जोडीनंच टाका लागते. नाई तं लंगडते."
पाट्यांना त्यानं हात लावला नाही.
फक्त ग्रीस भरलं, आणि बिलात ते लिहायला विसरला,
की विसरल्यासारखं केलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गाडी न्यायला गेले.
पोरं चाकांचे लाकडी नंदी ओढत चालली होती,
ना पाटे, ना शॉक, खडखड खडखड,
आणि नंदी मजेत.
या वेळी तळवे मी टेकवले.
खाली गेली. वर आली. थांबली.
मी तशीच उभी, दुसऱ्या हेलकाव्याची वाट पाहत.
"झालं ना, बाई," मुनाफभाई म्हणाला.

आत बसले. माझे अठ्ठेचाळीस किलो
त्या कलाला काही कळले नाहीत.
नाल्याशी खड्डा आला तेव्हा
हात बाटल्यांकडे निघाले होते.
हातात स्टिअरिंग होतं.